खुर्चीतला होकार

दादाला गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरात लायसन होतं ते सिस्टरचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवाल्याकडून शिकून, परीक्षेत आपटून, पुन्हा उठून तिने ते मिळवलं होतं. आणि तरीही गाडी निवडायचं काम आलं दादाच्या गळ्यात. का? ते कुणालाच धड सांगता आलं नसतं. गाडीचा विषय निघाला की लोक बाईला सोडून बाप्याकडे बघतात आणि बाप्याही शहाण्यासारखी मान डोलावतो, तसंच इथे झालं.

दादा न्हावी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान, त्यात दोन खुर्च्या. एक वर-खाली होणारी आणि दुसरी वर गेली की तिथेच रुसून बसणारी. गिऱ्हाइकं त्याला दादा म्हणायची, सगळं हॉस्पिटल त्याच्या बायकोला सिस्टर म्हणायचं, आणि दोघं जोडीने कुठे गेली की ओळख करून देताना हशा ठरलेला. दादा आणि सिस्टर, आणि चक्क नवरा-बायको! विनोद पार शिळा झाला होता, पण लोक काही सोडत नव्हते.

तर सिस्टरला वॉर्डातल्या रात्रपाळीचा वीट आला होता. टेकडीपलीकडच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना बघायचं एक काम असतं, ते ती कित्येक वर्षं मागत होती. या खेपेला मोठ्या सिस्टर एकदाच्या हो म्हणाल्या. अट एकच होती. गाडी स्वतःची हवी आणि ती सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या आवारात उभी दिसली पाहिजे. नाही दिसली तर ती जागा पलीकडच्या वॉर्डातल्या नर्सची. तिच्या दाराशी गाडी होतीच, तीसुद्धा धुऊनपुसून.

"ही संधी गेली ना, तर रिटायर होईपर्यंत मी त्याच कॉटांमधून चकरा मारणार," सिस्टर म्हणाली. "नवी आपल्याला झेपायची नाही. जुनीच बघा, पण चांगली बघा. आणि ठरवायच्या आधी मला तीत बसू द्या."

"हो हो, अगदी बरोबर," दादा म्हणाला.

आता हे 'हो हो, अगदी बरोबर' काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. दादाच्या वडिलांनी त्याच्या हातात पहिल्यांदा वस्तरा दिला तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. खुर्चीतल्या माणसाला कधी नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की तो मान वळवतो, मान वळली की कान जातो, आणि कान गेला की गिऱ्हाईक गेलं. तेव्हापासून खुर्चीतला माणूस काहीही बोलो, पृथ्वी चौकोनी आहे म्हणो, दादाचं उत्तर तयार असायचं. त्या उत्तराला डोकं लागायचं नाही. हात गालावर, तोंड आपोआप. त्याच्या दुकानात आजवर एकाचाही कान कापला गेला नव्हता, आणि दादाला याचा फार अभिमान होता.

आता अशा माणसाने आरशासमोर उभं राहून सहज म्हणावं, "जुनी गाडी बघतोय बरं का," म्हणजे हात दाखवून अवलक्षणच की!

झालं. सल्ल्यांचा नुसता पूर आला. एक म्हणाला, डिझेलच घे, दुसरं काही घेतलंस तर रडशील. त्याच्या मागचा, मानेला कापड गुंडाळलेला, कापडातून हात काढून म्हणाला, डिझेल? रोज लांब पल्ला मारणार असशील तर घे, नाहीतर त्या धुराड्याच्या वाटेला जाऊ नकोस. कुणी म्हणालं, किती पळालीय ते आधी बघ. कुणी म्हणालं, तो आकडा काय, कुणीही मागे फिरवतं, तू ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघ, ते खोटं बोलत नाही. पांढरी घे, उन्हात तापत नाही. पांढरी घेऊ नकोस, ठोकून रंगवलेली पटकन कळत नाही. उजेडात बघ, कोरडी असताना बघ, पाणी मारून चमकवलेली असेल तर आल्या पावली परत फीर. एका मालकाचीच घे. मालकाचं काय घेऊन बसलास, मेकॅनिकला विचार. मेकॅनिक? तो तर त्या मालकाचा मावसभाऊ निघायचा!

"हो हो, अगदी बरोबर," दादा सगळ्यांना म्हणत राहिला.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. पण मनाचं करायला आधी मनात काहीतरी असावं लागतं. दादाच्या मनात एक ना धड भाराभर चिंध्या. भांग पाडता पाडता त्याला क्लच आठवायचा, आणि क्लच म्हणजे नेमकं काय हे तर त्याला ठाऊकच नव्हतं. एकदा त्याने एका गिऱ्हाइकाला पावडरऐवजी शेव्हिंग क्रीमच मानेवर फासलं. गिऱ्हाईक म्हणालं, गार वाटतंय रे आज. दादा म्हणाला, हो हो, अगदी बरोबर.

संध्याकाळी सिस्टर ड्यूटीवर जायच्या आधी दोघं चहा प्यायला बसत. तेवढाच काय तो त्यांचा वेळ. ती निघाली की हा झोपायचा, ती आली की हा दुकान उघडायचा.

"मग? काय ठरलं?" ती विचारायची.

"डिझेल."

"काल पेट्रोल म्हणालात."

"काल पेट्रोलच होतं."

"अहो, वरचा रस्ता अरुंद आहे. मोठं धूड नको. वळणावर मला समोरचं दिसलं पाहिजे. शिवाय मागे बाळांचा वजनकाटा आणि औषधांची पेटी मावायला हवी. ऐकताय ना?"

"हो हो, अगदी बरोबर."

"मी आत्ता काय म्हणाले?"

दादाने कपात बघितलं. कपात उत्तर नव्हतं. सिस्टर उठली, चपला घातल्या आणि गेली. दार तिने आपटलं नाही, हळू ओढून घेतलं, आणि दादाला ते आपटण्यापेक्षा जास्त लागलं. पण का लागलं, याचा विचार करायला डोक्यात जागा कुठे होती? डोक्यात तर गिअर भरले होते.

आणि याच गोंधळात तो खरा घोळ करून बसला.

कंत्राटदार दाढीला आला होता. गळ्याला वस्तरा लागलेला असताना तो म्हणाला, "दादा, कशाला दारोदार फिरतोस? माझी उंच गाडी तुला देतो. रविवारी दुकानापुढे आणून उभी करतो. ठरलं समज." दादाचं तोंड म्हणालं, हो हो, अगदी बरोबर. पुढे प्रोफेसर आले, आता रिटायर झालेले. त्यांचे केस म्हणजे कानांवरची झालरच, पण ती अगदी बारकाईने कापून घ्यायचे. ते म्हणाले, "माझी गाडी न्या तुम्ही. प्लास्टिकसुद्धा काढलं नाही सीटवरचं. रविवारी आणतो." हो हो, अगदी बरोबर. शनिवारी बेकरीवाला आला, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला. "माझी छोटी देतो रे तुला. मी आता टेम्पो घेतलाय. उद्या आणू?" हो हो...

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. दादाने तर तीन घरं धरली, आणि तीनही घरांनी पानं मांडली.

रविवारी सकाळी दादा शटर वर करायला आला तर दुकानापुढे गाड्यांची रांग. कंत्राटदाराची काळी, उंच, गल्ली अडवून बसलेली. तिच्या मागे प्रोफेसरांची निळी, चकाचक. आणि सगळ्यांत मागे बेकरीवाल्याची पांढरी, दाराला पोचा आलेली, जरा तिरकी उभी. तिघंही मालक आपापल्या दाराशी, आणि तिघंही एकमेकांकडे बघतायत की हा इथे कशाला?

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. परत फिरावं असं त्याच्या पायांना वाटत होतं. पण समोरून सिस्टर येत होती, रात्रपाळी संपवून, खांद्याला पिशवी, डोळे तांबारलेले. ती थांबली. तिने काळी बघितली, निळी बघितली, पांढरी बघितली, आणि शेवटी नवरा बघितला.

"आपली यातली कुठली?" तिने विचारलं.

दादा काहीतरी पुटपुटला. ते त्यालासुद्धा ऐकू आलं नाही.

"तिन्ही?"

"म्हणजे तसं... हो म्हणालो होतो."

सिस्टर चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. रात्रभर ज्या बाईने दहा ठिकाणची बोंब निस्तरलीय तिला चिडायलाही त्राण लागतं. तिने पिशवी दादाच्या हातात दिली आणि सरळ काळ्या गाडीत चढली. चढलीच म्हणायला हवं, कारण पाय टाकायला उडी मारावी लागली. आत बसल्यावर बाहेरून फक्त तिचा अंबाडा दिसत होता. क्लच दाबायचा तर सीटवरून घसरावं लागत होतं, आणि समोर रस्त्याच्या जागी नुसता काळा पत्रा.

"उशी घ्या एक," कंत्राटदार म्हणाला.

"उशी घेतली की पाय पोचत नाहीत," सिस्टर म्हणाली आणि उतरली.

प्रोफेसरांच्या गाडीचं इंजिन सुरूच होतं. बंद करा म्हटल्यावर ते जरा चुळबुळले. सिस्टर चाकांपाशी उकिडवी बसली आणि टायरवरून बोट फिरवलं. टायरला बारीक भेगा होत्या, भरपूर.

"सर, ही चालवायचात कधी?"

"छे! जपून ठेवलीय. कव्हरखाली."

"वॉर्डात आमच्याकडे जो पेशंट कूस बदलत नाही ना, त्याला पाठीला जखमा होतात. हिचं तेच झालंय. आता पुन्हा सुरू करा बघू."

प्रोफेसरांनी किल्ली फिरवली. गाडीने एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली. मग प्रोफेसरच हळूच म्हणाले की सकाळी शेजाऱ्याच्या गाडीला वायर जोडून सुरू केली होती. बिचारे खजील झाले. सिस्टरने त्यांना पाणी दिलं.

राहिली पांढरी. आत ब्रेडचा वास, सीटच्या फटीत पीठ. सिस्टर बसली. पाय पोचले. समोरचा रस्ता दिसला, थेट कोपऱ्यापर्यंत. मागे वजनकाटाही मावेल आणि पेटीही. कागदपत्रं बेकरीवाल्याच्याच नावावर होती, आणि गाडीवरचा नंबर कागदाशी तिने अक्षर न् अक्षर जुळवून बघितला. मग ती खाली उतरली आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हात उलटा करून बॉनेटला लावला.

"हिला ताप आहे."

"अहो, आत्ताच चालवत आणली ना!"

"मग उतरू दे. गार असताना सुरू कशी होते ते बघायचंय मला. गरम गाडी कुणाचीही सुरू होते."

आता गाडी गार होईपर्यंत करायचं काय? कंत्राटदार कसला हटतोय. तो दुकानात शिरला, चांगल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "तोवर दाढी कर माझी." दादाला हायसं वाटलं. हातात ब्रश आला की त्याला जगातलं निदान एक तरी काम समजत असे. त्याने फेस केला, एक गाल साफ केला, वस्तरा गळ्यावर आणला.

"हे बघ," कंत्राटदार आरशातून म्हणाला, "घरची गाडी बायकांच्या मापाने घेत नाहीत. माझीच घे. होईल त्यांना सवय. बरोबर ना?"

"हो हो, अगदी बरोबर."

बोलून झाल्यावर दादाला आरशात दारात उभी असलेली सिस्टर दिसली. ती आत आली आणि रुसलेल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, मला एक सांगा. गाडीचं सोडा. मी हे काम घ्यावं असं तुम्हाला वाटतं का?"

"हो हो, अगदी..."

"मी खुर्चीत बसलेय का?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण फाटलेला होता. "इतकी वर्षं झाली, मी काहीही बोलले तरी हेच. आई गेली तेव्हा मी काहीतरी म्हणाले होते, तेव्हाही हेच म्हणालात. मी तुमचं गिऱ्हाईक आहे का हो?"

बेकरीवाला दारातच थबकला. प्रोफेसर भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. कंत्राटदाराला उठता येईना, कारण वस्तरा गळ्यावर होता.

दादाने वस्तरा उचलला. कापडाला पुसला. मिटला. खाली ठेवला. आणि मग म्हणाला, "नाही."

"काय नाही?"

"नाही वाटत. तू ते काम घेऊ नये असं वाटतं मला."

हे आपल्या पोटात होतं हे त्याचं त्यालाच आत्ता कळत होतं. तो स्वतःकडेच आ वासून बघत होता, आणि आरशामुळे ते त्याला दिसतही होतं. "मला भीती वाटते गं. रात्री तू वॉर्डात असतेस ना, तेव्हा मला माहीत असतं की तू दुसऱ्या मजल्यावर आहेस. खिडकीतून दिवा दिसतो तिथला. तो बघून झोपतो मी. तिकडे टेकडीपलीकडे तू कुठल्या वळणावर आहेस, मला काय कळणार? मी तर चालवतही नाही. तुला आणायला यायचं म्हटलं तर येणार कसा?"

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती रागावलीही होती. दोन्ही एकदम.

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"तू विचारलं नाहीस."

"मी रोज विचारलं! तुम्ही रोज हो म्हणालात."

खरंच होतं ते.

"अरे, माझी दाढी," कंत्राटदार अर्ध्या फेसातून म्हणाला.

"करतो. पण साहेब, तुमची गाडी नको. मी हो म्हणालो ते चुकलंच माझं. सर, तुमचीही नको." हे त्याच्या वडिलांनी ऐकलं असतं तर वस्तरा काढून घेतला असता. कंत्राटदाराने मान वळवली, चांगली तावातावाने वळवली, पण वस्तरा खाली होता, त्यामुळे कान राहिला. मग दादाने वस्तरा पुन्हा उघडला आणि उरलेला गाल नीट, सावकाश साफ केला. कंत्राटदार गेला तो पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून गेला. खरोखरच ठेवला नाही.

तोवर पांढऱ्या गाडीचा ताप उतरला होता. सिस्टरने किल्ली फिरवली. गाडी खोकली, जरा विचारात पडली, आणि सुरू झाली. धूर नाही, खडखडाट नाही.

"बसा," ती दादाला म्हणाली. "भीती वाटते ना? मग घरात बसून वाटून घेण्यापेक्षा इथे बसून वाटून घ्या. टेकडीवरच जाऊ."

बेकरीवाला म्हणाला, "जाऊन या, मी दुकान बघतो," आणि खरंच चांगल्या खुर्चीत जाऊन बसला.

रस्ता गावाबाहेर पडला आणि अरुंद झाला. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दादाने दाराचा दांडा असा धरला होता की जणू गाडी तोच वर नेतोय. चढाच्या मध्येच सिस्टरने मुद्दाम गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. दादाची पाचावर धारण बसली. मग तिने गाडी पुन्हा सुरू केली, ब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न सरकता वर निघाली. पोचा आलेलं दार मात्र खडखडलं.

वर पोचल्यावर ती थांबली. खाली पलीकडच्या उतारावर वस्त्यांची छपरं दिसत होती, सुटीसुटी, एकेका घराला एकेक पायवाट. ती त्यांच्याकडे बघत होती आणि दादा तिच्याकडे. या चेहऱ्यावरचा हा भाव त्याने कधी पाहिला होता ते त्याला आठवेना. कदाचित पाहिलाच नव्हता.

"घ्यायची का?" तिने विचारलं.

दादाचं तोंड उघडलं. सवयीने पहिला 'हो' जिभेवर येऊन बसलाही होता. त्याने तोंड मिटलं. खिडकीची काच खाली करून बघितली, वर करून बघितली.

"हे दार नीट करून घ्यावं लागेल."

"घेऊ."

"आणि परतायची वेळ सांगून जायचं. उशीर होणार असेल तर दुकानात फोन करायचा. मी मध्येच कुणाची दाढी करत असलो तरी."

"करीन."

"तो चढ परत एकदा दाखव."

"पुन्हा? का?"

"मी मघाशी डोळे मिटले होते."

सिस्टर हसली. कित्येक दिवसांनी हसली. तिने गाडी वळवून पायथ्याशी नेली, फिरवून पुन्हा चढाला लावली आणि त्याच जागी थांबवली. या वेळी दादाने डोळे उघडे ठेवले. तिचा हात ब्रेकवर कसा जातो, पाय कसा हलतो, ती आरशात कधी बघते, सगळं त्याने नवशिक्याने वस्तऱ्याकडे बघावं तसं बघितलं. भीती कमी झाली नाही. पण ती कशाची आहे, ते आता कळत होतं.

गाडी दुसऱ्यांदा वर आली. सिस्टरने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. विचारलं काहीच नाही.

दादाने खालच्या छपरांकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "हो."

एकदाच म्हणाला. त्यापुढे काही आलं नाही. सिस्टरने पदराने डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि बेकरीवाला तिथे कुणाची दाढी करायला लागायच्या आत दोघं दुकानाकडे निघाली.